एकादशीचा केक

"घरी तुम्ही काय काम करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"केक करते," मी म्हणाले. "वाढदिवसाचे. ऑर्डरी घेते."

त्यांनी हातातल्या रिपोर्टावरून नजर उचलून माझ्याकडं पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, यांच्याही घरी कुणाचा तरी वाढदिवस असणार. माणसाच्या डोक्यात कुठल्या वेळी काय येईल, काही नेम नाही.

"मग तुमची पंचाईत आहे," ते म्हणाले. "तुमच्या मुलीला सीलिॲक डिसीज आहे. तिनं गहू खायचा नाही. पोळी, ब्रेड, बिस्कीट, रवा, शेवया, मैदा, काही नाही. आज नाही, उद्या नाही, लग्न होऊन सासरी गेली तरी नाही."

सांगलीतल्या त्या दवाखान्यात प्राजू माझ्या मांडीवर बसली होती. साडेचार वर्षांची पोर आणि वजन अकरा किलो. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं नगाऱ्याएवढं. त्या दिवशी सकाळी मी आष्ट्याहून निघण्याआधी एक ऑर्डर उरकून आले होते आणि माझ्या साडीच्या पदराला मैदा लागलेला होता. तो मी हळूच झटकला.

हे लिहायचं कारण सांगते. आमच्या भागात या दुखण्याचं नाव अजूनही फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि मला ते कळायला अडीच वर्षं लागली. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांची तेवढी वर्षं जाऊ नयेत. शिवाय मी एक चूक केली, ती आणखी कुणी करू नये.

प्राजूचं दुखणं दोन वर्षांची असताना सुरू झालं. दिवसातून पाच-सहा वेळा पातळ, चिकट, घाण वासाची शी. आधी जंत म्हणाले, जंताचं औषध झालं. मग रक्त कमी म्हणून लोहाचं टॉनिक, त्यानं दात काळे झाले. मग एका डॉक्टरांनी प्रायमरी कॉम्प्लेक्स सांगितलं, म्हणजे लहान मुलांना होणारा क्षयाचा पहिला संसर्ग. त्याच्या गोळ्या नऊ महिने दिल्या. पोर वाढेना. दृष्ट काढून झाली, मिरच्या जाळून झाल्या. आणि या सगळ्या काळात मी तिला ताकद यावी म्हणून काय देत होते, तर दुधात कुस्करून पोळी. माझं माहेर वाईचं. आमच्याकडं पोळीचंच कौतुक. भाकरी पचायला जड, असं मीच सगळ्यांना सांगायची.

शेवटी सांगलीच्या बालरोगतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी तिची नखं बघितली, डोळ्यांच्या कडा बघितल्या, उभी करून उंची मोजली आणि एन्डोस्कोपी करू म्हणाले. म्हणजे तोंडातून बारीक नळी पोटात सोडून आत बघायचं. त्याच नळीनं लहान आतड्याचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा. त्याला बायोप्सी म्हणतात. तो तुकडा तपासायला बाहेरगावी गेला. आठ दिवस मी रोज एसटीडी बूथवर जाऊन दवाखान्यात फोन लावायची आणि तिकडची बाई रोज "उद्या करा" म्हणायची. त्यानंतर तो रिपोर्ट आला.

डॉक्टरांनी मला ते दुखणं फार चांगलं समजावलं. म्हणाले, "टर्किश टॉवेल बघितलाय ना? त्याच्यावर कसे बारीक दोरे उभे असतात? आपलं आतडं आतनं तसं असतं. त्या दोऱ्यांना व्हिलाय म्हणतात. अन्न तेच शोषून घेतात. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो. हिच्या शरीराला तो शत्रू वाटतो, आणि त्याच्याशी भांडता भांडता हे दोरेच झडून जातात. तुमच्या मुलीच्या टॉवेलाचा पंचा झालाय."

"म्हणजे ॲलर्जी का?"

"शास्त्रात दोन्ही वेगळी आहेत. पण घरी सांगताना ॲलर्जीच म्हणा, लोकांना ते लवकर कळतं. औषध नाही. गहू बंद केला की दोरे परत उगवतात. पण बंद म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. हे चिमूटभरच सगळ्यात अवघड जातं."

हे मला पटलं होतं. निदान तसं मला वाटत होतं.

आमच्या घरात तेव्हा तीन माणसं. मी, प्राजू आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणते. प्राजूचे वडील फौजेत, तेव्हा आसामात होते, वर्षातून एकदा यायचे. आत्तींना मी सगळं समजावलं. गहू बंद म्हटल्यावर त्यांना जरासुद्धा धक्का बसला नाही. "जोंधळ्यावर तर आमी सगळी वाढलो," म्हणाल्या, "पोळी तूच आणलीस हितं." खरंच होतं ते. ज्वारीची भाकरी, तांदूळ, नाचणी, मका, बाजरी, सगळं चालत होतं. पंजाबातल्या आईपेक्षा मी नशीबवान, असं डॉक्टरही म्हणाले होते.

पण पहिल्याच आठवड्यात मी आत्तींना पकडलं. प्राजू रडत होती म्हणून त्यांनी चहात बुडवून बिस्किटाचा तुकडा तिच्या तोंडात घातला. मी ओरडल्यावर म्हणाल्या, "इवलासा तर हुता. एवढ्यानं काय हुतंय?" मी त्यांना पुन्हा सगळा टॉवेल आणि पंचा सांगितला. त्यांनी मान हलवली. पुन्हा देणार न्हाई म्हणाल्या.

मग मी कंबर कसली. गिरणीवाल्याशी भांडले. गव्हानंतर तांदूळ दळले तर पहिलं पायलीभर पीठ गव्हाचंच येतं, म्हणून सकाळी गिरणी उघडली की पहिलं दळण आमचं. किराणा दुकानातला हिंग बंद केला, कारण बांधलेल्या हिंगात मैदा मिसळतात, हे मला दुकानदारानंच सांगितलं. प्राजूचं ताट, वाटी, परात, लाटणं वेगळं केलं. माझ्या ऑर्डरीचा मैदा एका फळीवर, तिची पिठं दुसऱ्या फळीवर. केक फेटायचं भांडंसुद्धा तिचं वेगळं आणलं. गल्लीतल्या बायका मला हसायच्या.

दोन महिन्यांत पोरीचं वजन सव्वा किलोनं वाढलं. संक्रांतीला तिनं पहिल्यांदा आपणहून जेवायला मागितलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

आता केकचं सांगते. लग्नाआधी मी साताऱ्यात मावशीकडं राहून केकचा क्लास केला होता. घरात काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, आणि लाइट गेली की पातेल्यात वाळू घालून स्टोव्हवर करायची. आष्ट्यात घरगुती केक करणारी मी एकटीच होते. लोण्याच्या आयसिंगचे गुलाब, बाहुल्या, क्रिकेटचं मैदान, मागतील ते करायची. प्राजू उंबऱ्यात बसून बघायची. केक झाला की तो कुणाच्या तरी घरी जायचा, आणि तिला वास तेवढा मिळायचा. एकदा म्हणाली, "आई, माझ्या वाढदिवसालापण दुसऱ्यांचाच केक असणार?"

त्या दिवसापासून मी तांदळाच्या पिठाच्या केकमागं लागले. पहिला केक सुरी लावली की वाळूसारखा सांडला. ग्लुटेनचा चिकटपणाच नाही, तर धरून ठेवणार काय? दुसरा चामड्यासारखा वातड. मग अंडी खूप फेटून बघितली, साबुदाणा दळून घातला, मक्याचं पीठ घातलं. चौथ्या का पाचव्या वेळेला केक उभा राहिला. प्राजूला आवडला. मग दर रविवारी तिचा एक छोटा केक ठरूनच गेला. संक्रांतीनंतरची गोष्ट ही.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी पोर पुन्हा बिघडली. शी पातळ, पोट फुगलेलं, चिडचिड. मार्चमध्ये वजन केलं तर पाव किलो उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, "कुठून तरी गहू जातोय. शोधा. दोनेक महिन्यांत फरक पडला नाही तर पुण्याला दाखल करून दुसरं काही आहे का ते बघावं लागेल. उंची वाढायचे दिवस आहेत हे, ते परत येत नाहीत."

मी शोधलं. गिरणी बघितली, मसाले बघितले, बालवाडीत बाईंना जाऊन विचारलं. कुठं काही सापडेना. मग मला बिस्कीट आठवलं.

होळीला आत्तींनी प्राजूसाठी पुरणाचे नुसते लाडू वळले होते. बाकीच्यांना पोळ्या. दुसऱ्या दिवशी प्राजूचं पोट गेलं. मी आत्तींना म्हणाले, "तुम्हीच दिली पोळी. तुम्हाला नात जगायला नकोय का?"

आत्ती म्हणाल्या, "न्हाई दिली."

"बिस्कीटपण नव्हतं दिलं का?"

मी सांगितलं, इथून पुढं प्राजूला तुम्ही काही भरवायचं नाही. माझ्या नकळत पाणीसुद्धा नाही. हे वाक्य मी पन्नास-पंचावन्न वर्षांच्या बाईला तिच्याच घरात बोलले. त्या दिवसापासून आत्ती प्राजूच्या आधी जेवून मागच्या अंगणात जाऊन बसायला लागल्या, म्हणजे पोरगी त्यांच्या ताटाकडं यायला नको.

मी आसामला पत्र लिहून सगळं कळवलं. उत्तर आलं त्यात एवढंच होतं की आईनं दिलं असेल तर विचारल्यावर ती खोटं बोलणार नाही, तू विचारलंस का? पत्र मी घडी घालून डब्यात ठेवलं. मला राग आला. आईचीच बाजू घेणार, दुसरं काय.

वैशाखात प्राजूचा पाचवा वाढदिवस. आत्तींनी मला सांगितलं, "वाढदिस झाला की मी कडेगावला लेकीकडं जाती. तवा तरी कळंल कुणामुळं हुतंय ते." रागानं नाही, भाजी निवडता निवडता सांगितलं. त्यांची कापडाची पिशवी भरून खुंटीला लावलेली मी बघितली. मी थांबा म्हणाले नाही.

वाढदिवसाची तारीख नेमकी एकादशीला आली. आत्ती एकादशी कडक धरतात. एरवीही त्या अंडं खात नाहीत, त्यामुळं मी केक करताना त्या कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हत्या. प्राजूनं हट्ट धरला, आजी गावाला जाणारए, तिला खाता येईल असाच केक कर, आणि वर पिवळं बदक पायजे. मी विचार केला, उपासाची पिठं म्हणजे सगळी बिनगव्हाचीच. राजगिरा, वरी, साबुदाणा. अंड्याऐवजी केळं आणि दही. म्हटलं, करून बघू.

मी आत्तींना आत बोलावलं. उपासाला काय चालतं नि काय नाही, ते त्यांनीच सांगावं. कितीतरी दिवसांनी त्या माझ्या शेजारी पाटावर बसल्या, आणि काय सांगू, कस्टमवाले परवडले. सोडा बघितला, चालंल म्हणाल्या. व्हॅनिलाची बाटली हुंगून बाजूला ठेवली, "कशाचं हाय म्हाईत न्हाई, वेलदोडं घाल." विकतच्या आयसिंग शुगरमध्ये मक्याचं पीठ असतं हे मी चुकून बोलून गेले, तर तीही बाद. "साखर हाय की घरात. मिक्सर हाय. मग?" बदकाला केशराचा रंग, डोळ्याला मनुका, कडेनं तासगावचे बेदाणे. बेदाणे त्यांनी स्वतः देठ काढून निवडले. प्राजू दोघींच्या मधे उभी राहून सगळं बघत होती.

मिश्रण तयार झालं. मी केक भाजायचा डबा घेतला, आतनं तुपाचा हात फिरवला, फळीवरच्या बरणीत चिमूट घातली आणि डब्यात भुरभुरवून डबा गोल फिरवत ठोकला. केक चिकटू नये म्हणून करतात. क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी ते इतक्या वेळा केलं होतं की हाताला सांगावं लागत नव्हतं.

"ते काय लावलंस?" आत्तींनी विचारलं.

"मैदा. केक सुटून यावा म्हणून."

"आगं, मला उपास हाय. आन् तू मैदा लावतीस व्हय?"

"आत्ती, नुसता वरनं हात आहे," मी म्हणाले. "एवढ्यानं काय होतंय?"

ते शब्द माझ्या तोंडातून गेले आणि मी थांबले. डबा हातातच होता. आत, तुपावर पांढरा थर. संक्रांतीनंतरचे सगळे रविवार मला आठवले. फेटायचं भांडं वेगळं, चमचा वेगळा, पीठ पहिल्या दळणाचं, आणि डब्याला मैदा. दर रविवारी. आणि राहिलेला केक सोमवारी, मंगळवारी डब्यात खाऊ म्हणून.

आत्ती माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या लक्षात यायला दोन क्षण लागले. मग त्यांनी प्राजूला म्हटलं, "जा गं, अंगणात जाऊन बदकाला डोळं किती लागत्यात ते मोजून ये." प्राजू पळाली.

मी म्हणाले, "आत्ती, माझं चुकलं. मीच घालत होते तिला. आणि तुम्हाला नको ते बोलले."

"बोललीस खरं," आत्ती म्हणाल्या. "लय लागलं मला."

मला रडू फुटलं. त्यांनी मला जवळ घेतलं वगैरे काही नाही. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, मोरीवर जाऊन राखेनं दोनदा घासला, पुसून आणला आणि म्हणाल्या, "राजगिरा लाव. त्यानं बी सुटंल."

सुटला. संध्याकाळी गल्लीतली पोरं आली. केक जरा दडस झाला होता. "ह्याला केक म्हंत्यात व्हय? शिऱ्याच्या वडीगत लागतंय," असं म्हणत आत्तींनी दुसरा तुकडा घेतला. प्राजू तीन तुकडे खाऊन त्यांच्या मांडीवर झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर खुंटीवरची पिशवी रिकामी होती आणि आतलं लुगडं अंगणात वाळत पडलं होतं.

पुढचं थोडक्यात. मी मैदा घरातून काढून टाकला. नुसता डब्यापुरता नाही, अख्खा. डॉक्टरांना फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मैद्याची बरणी ज्या खोलीत उघडता तिथं तो हवेतसुद्धा उडतो. काढलात ते बरं केलं." त्या वर्षी माझ्या बऱ्याच ऑर्डरी गेल्या. तीन आठवड्यांत प्राजूचं पोट ताळ्यावर आलं. दसऱ्यापर्यंत तिचे जुने फ्रॉक आखूड झाले. वर्षानं पुन्हा एन्डोस्कोपी केली. या वेळीही रिपोर्टाला आठ दिवस लागले तरी मी रोज फोन केला नाही. डॉक्टर म्हणाले, "टॉवेल परत उभा राहिला." आता ती नऊ वर्षांची आहे आणि वर्गात उंचीनं मधल्या रांगेत उभी राहते. आम्हाला एवढं पुष्कळ आहे.

हळूहळू त्या डॉक्टरांनीच माझ्याकडं माणसं पाठवायला सुरुवात केली. कुणाच्या मुलाला अंडं सोसत नाही, कुणाला दूध, कुणाला शेंगदाणा. प्रत्येकाचा केक वेगळा. आत्ती अजून पाटावर बसतात. ऑर्डर कसलीही असो, मी पहिल्यांदा सगळं सामान त्यांच्यापुढं मांडते, आणि त्या एकादशी असल्यासारखं एकेक जिन्नस हातात घेऊन विचारतात, ह्यात काय हाय, ते कुठनं आलं, हा चमचा आधी कशात हुता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या केकनं आजवर एकाही मुलाला त्रास झालेला नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून एक बाई आली. मुलगा सहा वर्षांचा, सीलिॲकच; त्याच्यासाठी केक ती घरीच करायची. गहू बंद करून चार महिने झाले तरी वजन हलत नव्हतं. एसटीतून उतरून आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. "माझ्या सासूबाईच देत असणार हो. ऐकतच नाहीत. त्यांना नातवाची काही पडलेली नाही."

आत्ती बेदाणे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या बी घरात जायाचा गहू. कुणाच्या हातनं जायाचा, ते काय शेवटपतूर कळलं न्हाई बघा."

इतक्या वर्षांत माझी चूक त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. ना कडेगावच्या लेकीला, ना फौजेतल्या मुलाला. हे मला त्या क्षणी कळलं.

मी त्या बाईला पाणी दिलं आणि म्हणाले, "कळलं होतं. माझ्या हातनं जायचा. आणि मी यांना घराबाहेर काढायला निघाले होते."

आत्तींनी माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा बेदाण्यांचे देठ काढायला लागल्या. मी फळीवरचा केकचा डबा काढून त्या बाईच्या हातात दिला आणि विचारलं, "तुम्ही याला आतनं काय लावता?"